‘वायू सोडतात’ म्हटलं की पोरं हसतात, दुसरं क्रियापद सुचवा

आडगावनाका
मंडळी, एक शब्द अडलाय आणि फलक छापायला द्यायला पाचच दिवस उरलेत.

आमच्या शाळेत यंदा २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि २८ चा विज्ञान दिन एकत्रच उरकायचं ठरलंय. म्हणजे प्रदर्शन विज्ञानाचं, पण फलक झाडून सगळे मराठीत. माझ्या वाट्याला समुद्र आला. (नाशिककराच्या वाट्याला समुद्र! असो.) विषय असा की समुद्रातली सूक्ष्म शेवाळं, जिवाणू वगैरेंमुळे पाण्यात कितीतरी वायू तयार होतात आणि तिथून हवेत जातात. ऑक्सिजन सगळ्यांना पाठ असतो. पण डायमिथाइल सल्फाइड, ब्रोमोफॉर्म, मिथाइल आयोडाइड, नायट्रस ऑक्साइड हीपण मंडळी त्यात आहेत. मी मथळा केला, ‘सागरी जीवांनी हवेत सोडलेले वायू’.

तालमीला आठवीतल्या एका मुलीनं तो खड्या आवाजात वाचला. ‘सोडलेले’पर्यंत सगळं शांत. ‘वायू’ म्हणाली आणि मागच्या बाकावरच्या एकानं काखेत तळवा दाबून आवाज काढला. मग काय, वर्ग आवरेना. बिचारी पुढची ओळ वाचायला तीनदा तोंड उघडायची आणि स्वतःच फिसकन हसायची.

म्हणून ‘उत्सर्जित होणारे वायू’ असं केलं. तर जीवशास्त्राच्या बाई म्हणाल्या, “अहो, उत्सर्जन म्हणजे आमच्याकडे मूत्रपिंडाचा धडा.” खरंच आहे की! उत्सर्जन संस्थेची आकृती आपणच काढून घेतो पोरांकडून. पुढच्या दारानं बाहेर पडलो आणि मागच्या दारानं पुन्हा मोरीतच.

‘सोडणे’ नको, ‘उत्सर्जन’ नको. तिसरं काय?

निफाडचा बागायतदार
सरळ गॅस लिहा. आमच्या मळ्यात वडिलांनी गोबरगॅसचा खड्डा बांधला तेव्हापासून आजतागायत कुणी त्याला गोबरवायू म्हटलेलं ऐकलं नाही. शिकलेले लोक बायोगॅस म्हणतात, ‘जैववायू’ फक्त अनुदानाच्या अर्जावर. तुमचा हा समुद्राचा गोबरगॅस, दुसरं काय.

भो_मालेगाव
पण दादा, ‘गॅस’ लिहिलं तर पोरं हसायची थांबतील का? ‘गॅसेस झालेत’ म्हणून आमचे काका निम्मं लग्न मांडवाबाहेर उभे राहून काढतात.

तत्सम
‘गॅस’ला माझा तीव्र आक्षेप आहे. संस्कृतात धातूंची खाण असताना आपण दारोदार का फिरावं? ‘निःसृत वायू’ म्हणा. सुटसुटीत, अर्थवाही, आणि कोणत्याही मोरीत न जाणारं. नवा शब्द सुरुवातीला अंगाला चावतोच, नव्या धोतरासारखा. भगूर आपल्या नाशिकहून किती लांब आहे? तिथं जन्मलेल्या माणसानं ‘दिनांक’ दिला, ‘महापौर’ दिला. आज कुणाला हसू येतं का ते म्हणताना?

कोशकिडा
तत्सम, ‘गॅस’ हाही तुमच्यासारख्याच एका हौशी माणसानं घडवलेला शब्द आहे हो. सतराव्या शतकातला फ्लेमिश रसायनज्ञ व्हान हेल्मॉन्ट. कोळसा जाळल्यावर जे दिसत नाही पण असतं, त्याला नाव नव्हतं. त्यानं ग्रीकमधला ‘खाओस’ घेतला, म्हणजे सृष्टी घडण्याआधीचा गोंधळ, आणि त्याचा ‘गॅस’ केला. त्याच्याही शेजाऱ्यांना हसू आलंच असेल. उलट ‘वायू’ आपल्याकडे देव आहे, वारा आहे, पंचमहाभूतांतला एक आहे आणि पोटातला वातही आहे. एवढी सगळी कामं करणाऱ्या शब्दाकडून शास्त्रातला नेमकेपणा कसा मागायचा?

तत्सम
देव आहे म्हणूनच तो शब्द मोठा आहे.

भो_मालेगाव
म्हणूनच मागच्या बाकावर त्याची आरती झाली.

जुना_पंचवटीकर
आमच्या वेळी रसायनशास्त्रात ‘कर्बद्विप्राणिद वायू’ होता. म्हणायला जीभ सैल लागायची, पण एकदा जमलं की जमलं. ऑक्सिजनला प्राणवायू, नायट्रोजनला नत्रवायू. हे सगळं गेलं आणि नुसता प्राणवायू राहिला, तोही दवाखान्यातल्या सिलिंडरपुरता. आडगावनाका, तुमच्या त्या डायमिथाइल प्रकरणाला काही गंधक-बिंधक लावून नाव करता येईल का? मूळ विषय सोडून विचारतोय, पण राहवलं नाही.

गोदावरी_उलटी
मूळ प्रश्नाला माझं उत्तर: विसर्ग. नाशिकमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत असलेला शब्द. दर पावसाळ्यात पेपरात येतो, ‘गंगापूर धरणातून इतक्या हजार क्युसेकचा विसर्ग’, आणि आपण सगळे दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढलं ते बघायला गंगेवर, म्हणजे आपल्या गोदेवर, पळतो. ‘सागरी वायूंचा विसर्ग’. कसं वाटतं?

काढाकल्पना
छान आहे, पण मी वैद्य आहे. ‘मलविसर्ग’ हा शब्द मी दिवसातून वीस वेळा वापरते. क्षमस्व.

भो_मालेगाव
😂 सगळे रस्ते तिकडंच जातात भो.

रसायनवाला
वाद मजेचा आहे, पण एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटतेय. ‘सोडणे’ हा शब्द विनोदी आहे ते बाजूला ठेवा, तो चुकीचा आहे.

डायमिथाइल सल्फाइडचंच घ्या. समुद्रातल्या वनस्पतिप्लवकांच्या पेशीत एक पदार्थ असतो, डीएमएसपी. लोणच्यात मीठ बाहेरून घालतो, यांच्याभोवती तर जन्मभर खारं पाणी. त्या खाऱ्या पाण्यानं पेशीतलं पाणी शोषून घेऊ नये म्हणून पेशी आत हा पदार्थ साठवून तोल सांभाळते. जिवंत आहे तोवर पेशी तो फारसा बाहेर देतच नाही. मग कुणी कोळंबीसारखा बारका जीव येतो आणि पेशी खातो, किंवा विषाणू तिला फोडतो, किंवा ती म्हातारी होऊन मरते. आतला ऐवज पाण्यात सांडतो. त्यावर जिवाणू तुटून पडतात, त्यांतले काही तो चिरतात आणि त्यातून हा वायू बनतो. त्यातलाही बराचसा इतर जिवाणू पाण्यातच फस्त करतात, काही उन्हानं मोडतो. उरलेला थोडका भाग पृष्ठभागावरून हवेत जातो. तो थोडका भागसुद्धा जगभरचा मिळून वर्षाला दोनेक कोटी टन गंधकाच्या वर भरतो!

आता सांगा, सोडला कुणी? प्लवकानं? ते तर मेलं. खाणाऱ्यानं? त्याला भूक होती. ‘सागरी जीवांनी सोडलेले’ म्हणणं म्हणजे मोडलेल्या मडक्यानं पाणी ‘सोडलं’ म्हणण्यासारखं आहे.

चूल_आणि_मी
कोबी शिजायला लागला की वास सुटतो. कोबी वास सोडत नाही.

तत्सम
रसायनवाला, ‘वनस्पतिप्लवक’ हा शब्द वापरलात त्याबद्दल अभिनंदन. ‘फायटोप्लँक्टन’ लिहिलं असतंत तर मी उठून गेलो असतो.

वेंगुर्ला_व्हाया_सातपूर
मी कोकणातला, नोकरीमुळे सातपूरला पंचवीस वर्षं. तुम्ही नाशिककर समुद्राबद्दल भांडताय हे पाहून गंमत वाटली. मला वायूचं काही कळत नाही, पण वासाचे शब्द आहेत आमच्याकडे. ताजा मासा कापला की हाताला लागतो तो हिवसाण वास. कालच्या भांड्याला येतो तो वशट. किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ कुजलं की त्याला वेगळाच, नाकात चढणारा. आणि पहाटे नुसतं दार उघडलं की येतो तो खारा वास. हा सगळ्यात चांगला. गाडी सावंतवाडी सोडून खाली उतरली की माझी आई डोळे मिटूनच म्हणायची, “इलो दर्या.”

रसायनवाला
वेंगुर्लेकर, वाईट वाटून घेऊ नका, पण खारा वास असं काही नसतं. मिठाला वास नाही. स्वयंपाकघरातला डबा उघडून हुंगून बघा. तुमच्या आईला जो यायचा त्यात मोठा वाटा याच डायमिथाइल सल्फाइडचा, जोडीला शेवाळांतून येणारी इतर संयुगं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या लोकांची समजूत होती की समुद्राच्या हवेत ओझोन असतो, म्हणून छाती भरभरून हुंगायला जायचे. तोही नव्हे. फार दाट झालं की हेच रसायन शिजलेल्या कोबीसारखं येतं.

वेंगुर्ला_व्हाया_सातपूर
म्हणजे माझ्या आईला कोबीचा वास यायचा?

रसायनवाला
फार थोड्या प्रमाणात असलं की समुद्र, जास्त असलं की कोबी. आकड्याचा फरक.

वेंगुर्ला_व्हाया_सातपूर
आम्ही खाराच म्हणणार. पोथ्या तुम्हाला, नाक आम्हाला.

निफाडचा बागायतदार
गंधकाचा विषय निघालाच आहे तर: गंधकाला गंधक म्हणतात पण खरं तर त्याला वासच नसतो असं मला एका कृषी सहायकानं सांगितलं होतं. मी द्राक्षावर भुरीसाठी दरवर्षी गंधक मारतो. पोतं फोडलं की वास येतो म्हणजे येतो. कोण खरं?

रसायनवाला
शुद्ध गंधकाला जवळजवळ वास नसतो. वास येतो तो त्याच्या संयुगांचा. तुमच्या पोत्यात किंवा हातावर थोडं काहीतरी बदललेलं असणारच. आणि तुम्हाला गंधकाच्या संयुगांची ओळख मी काय करून द्यायची? चाळीत कांदा सडायला लागला की जो दर्प येतो, तो त्यांचाच गोतावळा आहे.

निफाडचा बागायतदार
बरोबर. मग लासलगावच्या मार्केटात वारा असला की समुद्रावर गेल्याचं समाधान मिळतं म्हणायचं.

कोशकिडा
वासावरून नाव पडलेलं मूलद्रव्य गंधक एकटंच नाही. ब्रोमीनचं नाव ग्रीक ‘ब्रोमॉस’वरून, म्हणजे दुर्गंध. फ्रान्समधल्या बालार नावाच्या तरुणानं १८२६ मध्ये खाजणातल्या मिठागराच्या पाण्यातून ते काढलं. आणि आयोडीन १८११ मध्ये कुर्त्वानं समुद्री शेवाळाच्या राखेतून, वाफ जांभळी दिसली म्हणून ग्रीकमधल्या जांभळ्यावरून नाव. आडगावनाकाच्या यादीतले ब्रोमोफॉर्म आणि मिथाइल आयोडाइड ते हेच. दोन्ही मूलद्रव्यांचा मानवजातीशी परिचयच मुळी समुद्रानं करून दिला.

निफाडचा बागायतदार
ब्रोमोफॉर्म म्हणजे ते गाईंना चारायच्या शेवाळातलं का? मोबाइलवर बघितलं होतं.

रसायनवाला
तेच. अॅस्पॅरॅगॉप्सिस नावाचं लाल शेवाळ. त्यातलं ब्रोमोफॉर्म गाईच्या पोटातल्या मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं काम अडवतं. जाता जाता, गाईचा मिथेन मुख्यतः मागून नाही, तोंडातून बाहेर पडतो. रवंथ करता करता ढेकर देते त्यातून.

काढाकल्पना
मग ‘समुद्राचा ढेकर’ का नाही? मुलांना आवडेल, आणि ढेकर सभ्य आहे. जेवण आवडल्याची पावती.

जुना_पंचवटीकर
समुद्राची ढेकर. ढेकर स्त्रीलिंगी.

काढाकल्पना
तो ढेकर. ‘ढेकर आला’ म्हणतो आपण.

जुना_पंचवटीकर
‘तृप्तीची ढेकर दिली’ असं म्हणतो आपण. आमच्या घरात पाच पिढ्या देत आलोय.

गोदावरी_उलटी
आमच्याकडे दिला पण आहे आणि दिली पण आहे. वडील देतात तो ढेकर, लहान बाळ देतं ती ढेकर.

आडगावनाका
मंडळी, मी इथंच आहे. चार दिवस राहिले. ढेकर नको, मुख्याध्यापक चालू देणार नाहीत.

कोशकिडा
थांबा, वर ‘चूल आणि मी’ यांनी कोबीचं एक वाक्य टाकलंय, त्याकडे कुणी बघितलंच नाही. सोनं आहे ते. सोडणे आणि सुटणे. मराठीत वारा सुटतो, घमघमाट सुटतो, तोंडाला पाणी सुटतं, मिठाची काकडी ठेवली की तिला पाणी सुटतं. यात सोडणारा कुणी नसतोच. किंवा असला तरी त्याला विचारून काही झालेलं नसतं. रसायनवाल्यांनी सांगितलं ते हेच ना? पेशी फुटली, जिवाणू आले, वायू झाला, हवेत गेला, आणि करणारा एक असा कुणी सापडत नाही. संस्कृतातून ‘निःसृत’ आणायची गरज काय, आपल्या भाषेत ही सोय आयती आहे. ‘समुद्रातून सुटणारे वायू’.

रसायनवाला
मान्य. शंभर टक्के. उत्सर्जनापेक्षा नेमकं आहे.

भो_मालेगाव
पोटही सुटतं.

काढाकल्पना
आणि जुलाबही.

तत्सम
शिवाय ‘जीव’ गाळलात. समुद्रातून सुटणारे म्हटलं की जीवसृष्टीचा संबंध कुठं राहिला? फलकाचा विषयच मुळी जीवांनी घडवलेले वायू हा आहे. त्यासाठी ‘जीवजन्य’ हवं. ‘समुद्रातील जीवजन्य वायू’. क्रियापदच नको! प्रश्नच मिटला.

निफाडचा बागायतदार
जीवजन्य, जैविक, सेंद्रिय. आमच्या दुकानात या तिन्ही नावांची तीन खतं आहेत आणि तिन्हीत काय फरक ते दुकानदारालाही माहीत नाही.

वेंगुर्ला_व्हाया_सातपूर
वारा सुटण्यावरून आठवलं. शाळेत ‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’ होते. मुलाला शिकवताना मी सांगितलं की मतलई रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातो, त्यावर होड्या पहाटे बाहेर पडायच्या आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत. शिडाच्या काळात आमच्या आजोबांचं घड्याळच ते. मुलगा म्हणाला, “बाबा, मतलई म्हणजे मतलबी का?” मला व्युत्पत्ती सांगता आली नाही. कोशकिडा?

कोशकिडा
मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. तेव्हापासून लोक भांडतायत, तुम्हीही भांडा. मला व्यक्तिशः तो दक्षिणेकडून किनाऱ्या-किनाऱ्यानं आलेला खलाशांचा शब्द वाटतो, पण वाटण्याला काय लागतं.

तत्सम
‘मत्त’ + ‘लय’. मदमस्त चालीचा वारा.

कोशकिडा
पहाटे चारचा मंद वारा मदमस्त?

जुना_पंचवटीकर
‘माती’वरून असेल. मातीवरून येतो तो मातलई, त्याचं मतलई. जमिनीचा वारा आहे ना तो.

वेंगुर्ला_व्हाया_सातपूर
हे पटलं मला. खरं असो नसो, मुलाला हेच सांगणार.

कोशकिडा
देवा.

रसायनवाला
आडगावनाका, फलकासाठी दोन गोष्टी देतो, शब्द तुमचे तुम्ही बघा. एक, १९७२ पर्यंत शास्त्रज्ञांना कोडं होतं की समुद्रातून हवेत जाणारं गंधक जातं कुठल्या रूपात. बहुतेकांना वाटायचं हायड्रोजन सल्फाइड, आपली गंगा उन्हाळ्यात आटली की डबक्याला येतो तो सडक्या अंड्याचा वास. लव्हलॉक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की डायमिथाइल सल्फाइड. दुसरं, हवेत त्याचे सूक्ष्म सल्फेटकण होतात आणि ढगाचा थेंब धरायला काहीतरी कण लागतोच, तो हा असू शकतो. त्यावरून १९८७ मध्ये चौघांनी मांडणी केली की प्लवक ढग वाढवून पृथ्वीचं तापमान सांभाळत असावेत. चौघांची आद्याक्षरं जुळवून तिला ‘क्लॉ’ म्हणतात.

भो_मालेगाव
क्लॉ म्हणजे पंजा. निवडणूक जवळ आली, हे फलकावर नको.

रसायनवाला
तशीही २०११ मध्ये त्या मांडणीवर सडकून टीका झाली, ढगाला कण पुरवणारे इतर बरेच आहेत म्हणून. कण ढगात जातात ते खरं, पण त्यावरून सगळ्या पृथ्वीचा पंखा चालतो हे सिद्ध नाही. तेव्हा ‘प्लवक पृथ्वीला थंड ठेवतात’ असं ठोकून लिहू नका. ब्रह्मगिरीवर टेकलेल्या ढगात अरबी समुद्रातल्या प्लवकाचा गंधक असू शकतो, एवढं म्हणा. पोरांना तेवढं पुरे.

आणि नायट्रस ऑक्साइडचा फलक शेवटी लावा. आपल्याच पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्याच्या अखेरीस खालच्या पाण्यातला ऑक्सिजन संपत येतो, तेव्हा जिवाणू तो भरपूर बनवतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी २००० मध्ये हे दाखवलं. त्याचं दुसरं नाव हास्यवायू.

आडगावनाका
😀 हे मात्र घेतलं.

गोदावरी_उलटी
विसर्ग अजूनही उघडा आहे, एवढंच सांगून ठेवतो.

आडगावनाका
सगळ्यांचे आभार, फलक लागले. शेवटी कोशकिडा आणि चूलवाल्या ताईंचं ऐकून, तत्सम यांचं मन राखत, ‘समुद्री जीवांपासून सुटणारे वायू’ असं लिहून दिलं. हस्ताक्षर माझं, त्यामुळे दोष माझाच म्हणायचा. छापखान्यातल्या मुलानं फ्लेक्सवर उतरवलं, चार फूट रुंद, निळ्या लाटांवर पिवळ्या अक्षरांत: ‘समुद्री जीवांना सुटलेले वायू’. बदलायला वेळ नव्हता. खाली हास्यवायूचा तक्ता होताच. आठवीची ती मुलगी उभी होती माहिती द्यायला. पालक आले की ती आधी तक्त्याकडे बोट दाखवायची, मग मथळ्याकडे.

तत्सम
‘निःसृत’ला ही वेळ आली नसती.

भो_मालेगाव
त्याच्यात त्यानं ‘निसटलेले’ छापलं असतं.

निफाडचा बागायतदार
ते लाल शेवाळ नाशिकमध्ये कुठं मिळेल का? दोन गाई आहेत.

जुना_पंचवटीकर
माझ्या सुनेलाही विचारलं. ती संगमनेरची. ती ढेकर.